बिरोबाच्या मांडवात संशोधकांनाही मानाचे घोंगडे द्या

प्रति,
राज्यभरातील धनगर-मेंढपाळ समाजाच्या संस्था, पुण्यश्लोक अहिल्यादेवी जयंती उत्सव समित्या, तसेच आरेवाडी, पट्टणकोडोली, म्हसवड, जेजुरी आणि गावोगावच्या बिरोबा-खंडोबा-सिद्धनाथ यात्रा कमिट्या यांना

जय मल्हार.

एक मागणी घेऊन आपल्या दारात आलो आहे. ३१ मेच्या जयंतीला आणि जत्रेच्या मांडवात आपण दरवर्षी सत्कार करतो. आमदारांचा, सभापतींचा, नव्याने लागलेल्या फौजदाराचा, स्पर्धा परीक्षेत निघालेल्या पोरापोरींचा, गजीमंडळांचा. हे सत्कार व्हावेतच, त्यातून पुढच्या पोरांना बळ मिळते. पण ज्यांच्या कामामुळे मेंढपाळाच्या वाड्यावरची, म्हणजे फिरत्या तळावरची, कोकरे जगली, साथ येऊन गेली तरी खांड (कळप) उभे राहिले, मेंढीमागे एकाच्या जागी दोन कोकरे दिसू लागली, त्या संशोधकांचे नाव मी हजर राहिलेल्या एकाही मांडवात ऐकलेले नाही. ते ऐकू यावे, त्यांच्या खांद्यावर आपल्या माणसांच्या हाताने विणलेले घोंगडे पडावे, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

सरकारने कोणाला कोणता पुरस्कार दिला, कोणाला डावलले, हा हिशेब मला इथे मांडायचा नाही. तो दिल्ली-मुंबईचा विषय. मी बोलतो आहे ते आपल्या स्वतःच्या मांडवाबद्दल, जिथे कोणाला बोलवायचे हे आपण ठरवतो. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे कुरणांचे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले. त्याच्या आदल्याच वर्षी अहिल्यादेवींच्या जन्माला तीनशे वर्षे झाली. सुरुवात करायला याहून चांगली वेळ शोधून सापडणार नाही.

नावे कोणाची, असे आपण विचाराल. मी फलटणपासून सुरू करतो, कारण ते काम आपल्या अंगणात झाले आहे आणि तरीही आपल्यातल्या अनेकांना त्याची पुरती गोष्ट माहीत नाही.

आपली दख्खनी मेंढी काटक. लोणंदची असो, सांगोल्याची, संगमनेरची की कोल्हापूरकडची, उन्हाळ्यात पाचटावर आणि बाभळीच्या शेंगांवर तग धरते, दिवसाकाठी कोसच्या कोस चालते. पण ती एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. जुळे झाले तर वाड्यावर त्याची चर्चा होते, इतके ते क्वचित. एके काळी लोकरीचे दोन पैसे यायचे. आता कातरणीची मजुरी लोकरीच्या भावापेक्षा जास्त होते. शेतात मेंढ्या बसवल्याचे धान्य किंवा रोकड मिळते, पण घर चालते ते कोकरे विकून. म्हणजे मेंढी वर्षाला किती कोकरे वाढवून देते, यावर सारा प्रपंच.

फलटणला बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था उभी केली. लोक तिला ‘नारी’ म्हणून ओळखतात. १९९० च्या दशकात या संस्थेने बंगालमधल्या सुंदरबनातून गारोळ जातीच्या मेंढ्या आणल्या. ही मेंढी दिसायला अगदीच किरकोळ, वजनाला जेमतेम १०-१५ किलो, खाडीकाठच्या चिखलपाण्यात चरणारी. आपल्या बाजारात तिला कोणी हात लावणार नाही. पण ती जुळी देते, कधी तिळीही देते. हा गुण तिच्या एकाच जनुकात आहे, त्याला ‘फेकबी’ म्हणतात.

या जनुकाची कहाणी मला जत्रेत सांगण्याजोगी वाटते. १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून जहाजाने काही बंगाली मेंढ्या ऑस्ट्रेलियात नेल्या गेल्या. पुढे न्यू साउथ वेल्समध्ये कूमाजवळच्या ‘बुरूला’ नावाच्या मेंढवाडीत सीअर्स नावाच्या भावांना आपल्या मेरिनो मेंढ्यांत जुळी-तिळी देणाऱ्या मेंढ्या दिसल्या. त्यांनी त्या निवडून वाढवल्या. त्यांचे महत्त्व ओळखले ते हेलन न्यूटन टर्नर या बाईंनी. शिक्षण वास्तुरचनेचे, कामाला लागल्या त्या मेंढ्यांवरच्या प्रयोगशाळेत सचिव म्हणून, आणि तिथे संख्याशास्त्र शिकत शिकत त्या देशाच्या आघाडीच्या मेंढी-आनुवंशिकी तज्ज्ञ झाल्या. बुरूला मेंढ्यांचे मूळ बंगालच्या मेंढीत असावे, हा माग त्यांनीच काढला. २००१ मध्ये हे जनुक नेमके कोणते, हे जगातल्या तीन वेगवेगळ्या गटांनी जवळपास एकाच वेळी शोधले, आणि पुढच्याच वर्षी गारोळ मेंढीत तोच बदल सापडला. आपल्या देशातल्या एका दुर्लक्षित मेंढीची ही ठेव दोनशे वर्षांपूर्वी परदेशातही गेली, तिथल्या शास्त्रज्ञांनी ती ओळखली आणि फलटणच्या माळावर ती आपल्या कामाला आली.

फलटणचे पुढचे काम डॉ. चंदा निंबकर यांचे. ऑस्ट्रेलियाच्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्राने पैसा आणि साथ दिली, आर्मिडेलच्या न्यू इंग्लंड विद्यापीठातले तज्ज्ञ जोडले गेले, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रक्ताच्या नमुन्यावरून जनुक ओळखायची चाचणी बसवली गेली. ऐकायला सोपे वाटते, पण यात किती वर्षे जातात ते मेंढका माणूसच समजू शकेल. गारोळ आणि दख्खनी यांच्या पहिल्या पिढीत अर्धे रक्त गारोळचे, म्हणजे अंगाने लहान. कोकराला बाजारात भाव नाही. म्हणून ती पिढी पुन्हा दख्खनीकडे वळवायची, वजनासाठी कर्नाटकातल्या बन्नूर मेंढीचे रक्त आणायचे, आणि एवढे करताना जुळ्यांचा गुण निसटू द्यायचा नाही. नर मेंढ्याकडे नुसते बघून त्याच्यात तो गुण आहे का, हे कळत नाही. चाचणी नसेल तर त्याच्या लेकी मोठ्या होऊन विईपर्यंत थांबावे लागते. एका पिढीला दोन वर्षे धरा आणि मग मोजा. यातूनच ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार झाली.

एवढ्यावर ते थांबले असते तर मी हे पत्र लिहिले नसते. फार्मावर सुधारित मेंढी तयार करणारे बरेच असतात. फलटणच्या लोकांनी हे मेंढे आसपासच्या मेंढपाळांच्या खांडांत दिले आणि पुढे वर्षानुवर्षे त्या खांडांत जाऊन नोंदी ठेवल्या. कोणत्या मेंढीला किती झाली, किती जगली, तीन महिन्यांना वजन किती भरले, आईला दूध पुरले का. जनुकाच्या दोन प्रती असल्या की तिळी वाढतात आणि कोकरे कमजोर निघतात. एक प्रत असली तर जुळी होतात आणि दख्खनी आई ती वाढवू शकते. म्हणून वाड्यावर दोन प्रतींचा मेंढा द्यायचा आणि आपल्या साध्या मेंढ्यांच्या पोटी एक-एक प्रतीच्या लेकी जन्माला येऊ द्यायच्या, हा मार्ग निघाला. जी जुळी देऊनही दोन्ही कोकरे विक्रीपर्यंत नेते ती मेंढी खरी, हे या मंडळींनी जाणले.

आपल्यातल्या जाणत्यांचा जुळ्यांना एक जुना आक्षेप आहे आणि तो मला पटतो. दसरा-दिवाळीनंतर वाडा कोकणात किंवा मावळात निघाला की चालीत विलेल्या मेंढीचे एक कोकरू घोड्याच्या पाठीवर बसते. दोन-दोन कुठे बसवायची? चारा नसेल तर दोघांना दूध कुठून आणायचे? चालत्या वाड्याचे गणित घरी बांधून पाळणाऱ्यापेक्षा वेगळे आहे, आणि सुवर्णा मेंढी प्रत्येकाच्या वाड्याला सोसेलच असे मी म्हणणार नाही. पण हा आक्षेप ऐकून घेणारे, त्यासाठी खुराक किती आणि कधी द्यायचा याची उत्तरे शोधणारे संशोधक मिळाले, हेच तर मोठे आहे. बनबिहारी निंबकर २०२१ मध्ये गेले. त्यांच्या हयातीत आपल्या एखाद्या यात्रेत त्यांचा मान झाला असता तर किती बरे झाले असते, असे मला मनापासून वाटते.

आता रोगांकडे येतो. आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी गुराढोरांच्या बुळकांडीचे नाव असायचे. त्या रोगाने गावेच्या गावे जनावरांवाचून ओस पडायची. त्याच्याशी लढायला देशातली जी पहिली प्रयोगशाळा निघाली ती १८८९ मध्ये आपल्या पुण्यात. पुढे १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली आणि आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. तिथल्या लशीने आणि नंतर वॉल्टर प्लोराइट यांनी केनियात तयार केलेल्या लशीने बुळकांडी हटत गेली. भारतात तिची शेवटची लागण १९९५ मधली. २०११ मध्ये ती जगातूनच गेल्याचे जाहीर झाले. माणसाची देवी गेल्यानंतर साऱ्या पृथ्वीवरून हटवलेला हा दुसरा रोग. प्लोराइट यांना १९९९ चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. आपल्या गोठ्यात त्यांचे नाव कोणाला ठाऊक आहे?

बुळकांडी गेली, पण तिची चुलत बहीण आपल्या मेंढराशेरडांत आली. पीपीआर. ताप चढतो, नाकाडोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, मग हागवण आणि धाप. लहान कोकरे तर दोन-चार दिवसांत आडवी होतात. ज्याच्या वाड्यात ही साथ शिरली त्याला मी अधिक काय सांगू. भारतात ती पहिल्यांदा १९८७ मध्ये तमिळनाडूतल्या अरसूर गावी नोंदली गेली. मुक्तेश्वरच्या शास्त्रज्ञांनी हिमाचलातल्या सुंगरीच्या आजारी शेळ्यांमधून विषाणू वेगळा केला, प्रयोगशाळेत पेशींवर पुन्हा पुन्हा वाढवून त्याचा जोर मोडला आणि त्याचीच लस केली. तमिळनाडूच्या शास्त्रज्ञांनी अरसूरच्या विषाणूपासून दुसरी लस केली. एक टोचणी, आणि जनावर काही वर्षे निर्धास्त. आज आपल्या तालुक्याच्या दवाखान्यातून बर्फाच्या डब्यात येते ती लस अशी कोणाच्या तरी हयातीची कमाई आहे. २०३० पर्यंत पीपीआरही जगातून हटवायची, असे जगाने ठरवले आहे. ते जमायचे असेल तर टोचणी चालत्या वाड्यापर्यंत पोचली पाहिजे, आणि तिथपर्यंत ती पोचवणारा माणूसही या मानाचा वाटेकरी आहे.

आणखीही नावे आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढीच्या सुधारणेचे केंद्र वर्षानुवर्षे नोंदी ठेवत आले आहे. हे काम चमकत नाही, पण ते नसेल तर निवडीचा मेंढा ठरवायला आधारच राहत नाही. राजस्थानात अविकानगरला १९६२ पासून केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे. तिथल्या लोकांनीही गारोळचे तेच जनुक घेऊन मालपुरा आणि पाटणवाडी मेंढ्यांतून ‘अविशान’ ही जुळी देणारी मेंढी उभी केली. पुण्यातल्या अँथ्रा या संस्थेच्या पशुवैद्य महिलांनी झाडपाल्याची औषधे जाणणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या माणसांचे ज्ञान अडाणीपणा म्हणून झटकले नाही, ते नोंदले आणि तपासले. मला हे काम फार मोलाचे वाटते, कारण आपल्याला काही येते हे मानून तिथे सुरुवात झाली.

म्हणूनच, मान देताना डोळे झाकून देऊ नये. आपल्याकडे एके काळी मेरिनो आणि राम्बुले या परदेशी मेंढ्यांशी दख्खनीचा संकर करून बारीक लोकर काढायचे प्रयोग झाले. कागदावर लोकर सुधारली. पण तो संकर आपल्या उन्हात, आपल्या चालीत, आपल्या चाऱ्यावर टिकला नाही, आणि बारीक लोकर विकत घ्यायला वाड्यावर कोणी आला नाही. त्या शास्त्रज्ञांनी कष्ट कमी केले, असे मी म्हणत नाही. मात्र मेंढपाळाला काय हवे, हे आधी विचारले असते तर ती वर्षे वाचली असती. आपला मान ज्याला द्यायचा त्याच्याबद्दल पहिला प्रश्न हाच असावा: याचे काम वाघरीच्या, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळीच्या, आत आले का? किती निबंध छापले, किती परिषदांना गेला, हे विद्यापीठे बघतील. आपण कोकरू बघावे.

आणि हे ठरवणार कोण? कृपा करून संस्थेच्या कार्यालयात बसून ठरवू नका. निवडायला बसतील ते आजही मेंढरामागे चालणारे असावेत, आणि त्यांत निम्म्या बाया असाव्यात. वाड्यावर कोकरांना पाजायचे, आजारी जनावर ओळखायचे, बिऱ्हाड हलवायचे काम बाया करतात. कोणत्या लशीने फरक पडला आणि कोणत्या औषधाने नाही, हे त्यांच्याइतके कोणाला कळते? त्यांना विचारल्याशिवाय निवड झाली तर ती माझ्या दृष्टीने अपुरी राहील.

मान एकट्या मोठ्या शास्त्रज्ञाचा नको, हेही सांगतो. वर्षाकाठी हजारो कोकरांच्या कानात बिल्ले मारणारा, पहाटे वाडा हलायच्या आत ताणकाटा घेऊन वजने करणारा कर्मचारी, रक्ताच्या नमुन्यांवर प्रयोगशाळेत रात्र काढणारी विद्यार्थिनी, आणि आपले खांड प्रयोगाला देणारा मेंढपाळ. प्रयोग फसला असता तर तोटा त्या मेंढपाळाचा झाला असता, संस्थेचा नव्हे. व्यासपीठावर शास्त्रज्ञाच्या शेजारी त्याची खुर्ची असलीच पाहिजे.

ऑस्ट्रेलियात हेलन न्यूटन टर्नर यांच्या नावाने जनावरांच्या पैदास-सुधारणेत काम करणाऱ्यांना पदक दिले जाते, आणि पदक घेणारा सभेपुढे उभा राहून आपल्या कामाबद्दल व्याख्यान देतो. ही रीत मला आवडली. आपण ती आपल्या पद्धतीने करू. ढोल-कैताळ वाजू द्या, भंडारा लावा, पिवळा फेटा बांधा, काठी आणि घोंगडे द्या. मग मात्र त्या पाहुण्याला लगेच गाडीत बसवून पाठवू नका. मांडवातच तासभर सतरंजीवर बसवा आणि मेंढपाळांना बोलू द्या. पावसाळ्यात खुरे सडतात, जंताच्या औषधाचा गुण येईनासा झाला, माडग्याळ जातीच्या मेंढ्याला एवढा भाव येतो पण तो आमच्या भागात जगेल का, कोकणात उतरल्यावर टोचणी कोणाकडून घ्यायची, चराईची जागा उरली नाही तर सुधारलेल्या मेंढीचे काय करायचे. यांतल्या काही प्रश्नांची उत्तरे पाहुण्याकडे असतील, काहींची नसतील. नसतील ते लिहून घेऊन पुढच्या जत्रेला काय झाले ते सांगायला त्यांनी यावे. सत्काराला असे काम जोडले तर संशोधकालाही पुढचा विषय मिळेल.

आपल्या घरांत आता पशुवैद्यकाला जाणारी मुले-मुली आहेत. शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूरच्या महाविद्यालयांत आपली पोरे शिकतात. त्यांतली बहुतेक नोकरीच्या मागे जातील, आणि ते चूक नाही. पण ज्या मांडवात फौजदाराला फेटा बांधतात त्याच मांडवात मेंढीच्या जंतावर वीस वर्षे काम केलेल्या बाईंना फेटा बांधलेला एखाद्या पोरीने पाहिला, तर संशोधनाकडे वळायचा विचार तिच्या मनात येईल. आज तिला तो येण्याजोगे काहीच दिसत नाही.

खर्चाची अडचण कोणी सांगू नये. एक घोंगडे, एक फेटा, येण्याजाण्याचे भाडे. ते घोंगडे मात्र बाजारातले यंत्रावरचे नको. आपल्याच भागात हातमागावर घोंगडी विणणारी घरे थोडीच उरली आहेत, त्यांच्याकडून काळ्या दख्खनी लोकरीचे विणून घ्यावे आणि त्याचा योग्य दाम द्यावा.

माझी विनंती अशी. येत्या ३१ मेच्या आधीच्या बैठकीत प्रत्येक समितीने हा विषय घ्यावा. आपल्या तालुक्यातल्या पाच-सहा वाड्यांवर जाऊन विचारावे की गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कोणाच्या कामाने तुमचे खांड सावरले. जी नावे पुढे येतील ती एकमेकांना कळवावीत. पहिल्या वर्षी सगळ्या समित्यांनी मिळून एकच मान दिला तरी चालेल, आणि तो पश्चिम महाराष्ट्रात व्हायचा असेल तर माझे मत फलटणच्या मेंढी-कामाला आणि त्यात आपली खांडे दिलेल्या मेंढपाळांना. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाड्यांनी आपली नावे सांगावीत. तिकडच्या शेळ्या-मेंढ्यांसाठी कोण झिजले ते तिथल्या माणसांना जास्त ठाऊक. पत्रे लिहिण्याचे, नावे गोळा करण्याचे आणि पाहुण्यांशी बोलण्याचे काम माझ्यावर टाकले तर मी ते आनंदाने करीन.

बैठकीत काय ठरले ते कळवावे.

आपला,
मेंढपाळाच्या घरातला एक शिक्षक
ता. माण, जि. सातारा